न्हाणीघरातले वारे

दिवाळी सरली, तुरीला शेंगा धरू लागल्या की आमच्या खजुरीचा वारा दिशा बदलतो. पावसाळाभर अक्कलकोटच्या अंगाने येणारा वारा आता बसवकल्याणच्या अंगाने, ईशान्येकडून येऊ लागतो. दिवसा तो सुखाचा वाटतो, पहाटे मात्र अंगावर काटा आणतो. थंडीच्या दिवसांत कर्नाटकातल्या नीचांकी तापमानाची बातमी आली की त्यात बीदर नाहीतर विजयपूरचे नाव बहुधा असतेच, आणि आळंद तालुक्याचा आमचा हा सीमेवरचा कोपरा बीदरच्या हवेपासून फार लांब नाही.

या वाऱ्याची पहिली तक्रार आमच्या घरात आई करते आणि ती न्हाणीघरातून येते. "भाळ गाळी बर्तद नोड," असे ती आतून ओरडते. आईची बोली कन्नड. माझी पत्नी मुरूमची, तिचे उत्तर मराठीतून जाते, "अत्ती, पंखा बंदच आहे!" दोघीही खरे बोलत असतात. पंखा बंदच असतो, पण वारे येते ते त्या बंद पंख्याच्या भोकातूनच.

आमचे मूळ घर माळवदाचे. हातभर जाडीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा थर. आंघोळीची जागा परसात होती. चुलीवर हंडा, खाली शहाबादी फरशीचा एक तुकडा, आडोशाला तीन बाजूंनी कुडाची भिंत. कन्नडमध्ये बच्चल, मराठीत न्हाणी. आम्ही दोन्ही म्हणत होतो. तिथे वारे चारी बाजूंनी येत असे, पण त्याबद्दल कोणी तक्रार केल्याचे आठवत नाही. चुलीचा जाळ शेजारी असायचा आणि आंघोळ चार तांब्यांत उरकायची. पुढे मी नोकरीला लागलो, घरामागे स्लॅबच्या दोन खोल्या बांधल्या आणि पाच बाय सहा फुटांचे पक्के न्हाणीघर आले. भिंतीला छतापर्यंत टाइल्स, लोखंडी चौकटीचे घट्ट दार, आणि वर पूर्वेच्या भिंतीत नऊ इंची गोल भोक पाडून बसवलेला एक्झॉस्ट फॅन. गवंड्याने विचारले होते, "सर, पंखा कुठल्या भिंतीत?" मी म्हणालो, "कुठेही." इतिहास शिकवणाऱ्या माणसाला एवढे तरी कळायला हवे होते की भिंतीतले भोक कुठे पाडायचे हा प्रश्न आपल्या वाडवडिलांनी कधीच "कुठेही" म्हणून सोडवला नव्हता.

आता या नऊ इंची भोकाचा हिशेब पाहा. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१० चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे वीस सेंटिमीटर लांब आणि तितकीच रुंद अशी एक खिडकी, जी बारा महिने उघडीच आहे. पंख्याची पाती थांबलेली असली तरी त्यांच्या फटींतून वारे सहज येते. त्यातून भोक पूर्वेला असले तर थंडीतला वारा थेट त्याच्यावरच आदळतो. आंघोळ करणाऱ्याचे अंग ओले असते. एक ग्रॅम पाणी अंगावरून सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते आणि वारा ते सुकणे कितीतरी वेगाने घडवतो. म्हणूनच कोरड्या अंगाला जे वारे जाणवतही नाही, ते ओल्या पाठीला सुईसारखे टोचते. तरुण माणूस हुडहुडत बाहेर येतो आणि विसरतो. सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या बाईची गोष्ट वेगळी. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो.

आपल्या दोन्ही भाषांत वाऱ्याचे भय आहेच. मराठीत "अंगावरून वारे गेले" म्हणजे अर्धांगवायू. कन्नडमध्ये एखादे पोर अचानक किरकिरू लागले की "गाळी" बाधली म्हणतात, आणि तो वारा साधा नसतो. न्हाणीघरातल्या झुळकीने अर्धांगवायू होत नाही. पण आईची तक्रार म्हातारपणाची किरकिर म्हणून उडवून लावण्यासारखीही नव्हती.

मी ती उडवून लावली नाही. वाईट याचे की मी ती सोडवली. २०२३ च्या डिसेंबरात एका रविवारी मी शिडी लावली. नव्या टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोलचा तुकडा गोल कापला, पंख्याच्या मागे घट्ट बसवला, कडेने पोत्याचे तुकडे कोंबले. पंख्याची पिन काढून टाकली. दुसऱ्या दिवशी आई आंघोळ करून आली ती हसतच. पत्नीनेही कौतुक केले. न्हाणीघर एकदम उबदार झाले होते. आठवड्याभरात टाइल्सवर पाणी ओघळू लागले, छताच्या कोपऱ्यात काळी बुरशी धरली, पण थंडी आहे तोवर चालेल, असे मी म्हणालो.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमच्या त्या न्हाणीघरात, दाराच्या वरच्या बाजूला, गॅस गिझर आहे. होता, असे म्हणायला हवे.

गावाकडे गॅस गिझर का शिरला हे सीमाभागातल्या वाचकांना सांगायला नको. पहाटे लाइट असेलच याचा भरवसा नाही, विजेचा गिझर बिल वाढवतो, आणि सिलिंडर तर घरात आहेच. नळ सोडला की कढत पाणी. आमच्याकडे तो बसवणाऱ्याने दोन स्क्रू ठोकले, नळी जोडली आणि चहा पिऊन गेला. "खिडकी उघडी ठेवा," असे तो म्हणाला होता की नाही, हे मला आता आठवत नाही. म्हणाला असला तरी आम्हाला खिडकीच नव्हती. जे होते ते पंख्याचे भोक.

२०२४ साली येळवस ११ जानेवारीला आली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, मार्गशीर्षाची ही अमावस्या आमच्या भागात, म्हणजे लातूर, धाराशिव, सोलापूर, बीदर, कलबुर्गी या पट्ट्यात, शेताचा सण असतो. भज्जी, अंबिल, बाजरीचे उंडे, आणि सगळे घर शेतात. त्यामुळे त्या दिवशी पहाटेपासून आंघोळींची रांग लागते. आधी पत्नी, कारण स्वयंपाक तिच्याकडे. मग आई. मग मी. मग धाकटा. शेवटी माझी मुलगी, जी पीयूसीला कलबुर्गीत शिकत होती आणि सणाला घरी आली होती. तासाभरात पाच जणांच्या आंघोळी, न्हाणीघराचे दार क्षणभरच उघडते आणि पुन्हा बंद, गिझरची ज्योत जवळजवळ अखंड.

मुलीने केस धुवायला घेतले होते, म्हणजे वेळ लागणारच. मी ओसरीवर अंबिलाचा गडू नीट बांधत होतो. आई न्हाणीघराजवळच्या पायरीवर बसून केस विंचरत होती. ती एकदम थांबली. म्हणाली, "नीरिन सप्पळ यांग निंततु?" पाण्याचा आवाज कसा काय थांबला? मला त्यात काही वावगे वाटले नाही. आई उठली, दार वाजवू लागली, नातीला हाका मारत, "बागला तगी, बागला तगी!" आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि मुलगी उंबऱ्यावरच कोसळली. चेहरा लालसर, डोळे अर्धे मिटलेले, पाय लुळे. पत्नीने तिच्यावर चादर टाकली, आम्ही उचलून अंगणात आणले.

शेजारच्या बायका जमल्या. अमावस्या, ओले केस, तरुण पोर, एक म्हणाली, "गाळी बडदद." वारे लागले. कोणी लिंबू आणायला पळाले. मी स्वतः, एम. ए. झालेला माणूस, सुरुवातीची दोन मिनिटे चक्कर, उपास, अशक्तपणा एवढाच विचार करत होतो. गिझर अजून चालूच होता. तो बंद करायला धाकटा आत गेला आणि लगेच डोके धरून बाहेर आला, तेव्हा माझ्या मनात ते थर्माकोल आले.

आळंदला नेईपर्यंत ती बोलू लागली होती. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, आणि पहिला प्रश्न विचारला, "गॅस गिझर आहे का? आणि खिडकी?" संध्याकाळपर्यंत डोकेदुखी उरली, दुसऱ्या दिवशी तीही गेली. शेतात त्या वर्षी चरग शेजाऱ्यांनी टाकला. गाळी लागली असे बायका म्हणाल्या होत्या. लागली नव्हती, मिळाली नव्हती.

आमच्या कॉलेजातले भौतिकशास्त्राचे सर माझे मित्र आहेत. त्यांनी पुढच्या आठवड्यात फळ्यावर हिशेब मांडून दाखवला, तो मी उतरवून घेतला. पाच बाय सहाचे न्हाणीघर, उंची साडेआठ फूट, म्हणजे जेमतेम सात घनमीटर हवा. एक किलो गॅस पुरता जळायला बारा घनमीटरहून जास्त हवा लागते. घरगुती गॅस गिझर मोठ्या ज्योतीवर तासाला पाऊण ते एक किलो गॅस जाळतो. म्हणजे दहा मिनिटांच्या एका आंघोळीत गिझर दीड-दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो, खोलीच्या हवेचा जवळजवळ पाव हिस्सा. पाच आंघोळी ओळीने झाल्यावर काय उरणार? हवा कमी पडू लागली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्याला सिलिंडरच्या गळतीचा जो वास ओळखीचा आहे तो मुद्दाम मिसळलेल्या रसायनाचा असतो, आणि गॅस जळताना तोही जळून जातो. म्हणून "वास तर आला नाही" ही समजूत इथे काहीच कामाची नाही.

आणखी एक फसवणूक त्यांनी सांगितली, ती प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी. करोनाच्या साथीत आपण घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घेतला. कार्बन मोनॉक्साइडची बाधा झालेल्या माणसाच्या बोटाला तो लावला तर आकडा ९७-९८ दाखवू शकतो, कारण रक्ताला चिकटलेला वायू आणि ऑक्सिजन यांतला फरक त्या यंत्राला कळत नाही. आकडा चांगला दिसतो म्हणून घरी बसून राहू नये. माणसाला आधी मोकळ्या हवेत आणावे, कुशीवर झोपवावे, गिझर व सिलिंडर बंद करावा, १०८ला फोन करावा आणि दवाखान्यात गॅस गिझरचा उल्लेख न विसरता करावा. आत शिरणाऱ्याने श्वास रोखून शिरावे, दार सताड उघडे ठेवावे. आमचा धाकटा दोन पावलांत डोके धरून आला, हे मी वर सांगितलेच.

मला सगळ्यात जास्त बोचते ते हे की मला हे ठाऊक होते. मार्च २०२३ मध्ये रंग खेळून आलेले मुंबईच्या घाटकोपरमधले एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत सापडले. पोलिसांचा प्राथमिक संशय गॅस गिझरवर होता. ती बातमी मी वाचली होती, स्टाफरूममध्ये त्यावर बोललो होतो. तरी नऊ महिन्यांनी शिडीवर चढताना ती बातमी माझ्या मनात आली नाही, कारण माझ्या डोक्यात प्रश्न "गाळी"चा होता, गॅसचा नव्हता. पुढे २०२५ च्या ऑक्टोबरात म्हैसूर जिल्ह्यात पिरियापट्टणला दोन सख्ख्या बहिणी अशाच न्हाणीघरात गेल्या. तिथेही गॅस गिझरकडेच बोट दाखवले गेले. आपल्या देशातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आंघोळीत अचानक फिट आलेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत केल्या आहेत, त्यातल्या कितीकांना आधी अपस्मार समजून गोळ्या सुरू झालेल्या असतात. तेव्हा आपल्या घरात कोणाला न्हाणीघरातच चक्कर येते, बाहेर येत नाही, असे असेल तर लिंबू उतरवण्याआधी भिंतीकडे पाहावे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तो सुटलेला नव्हता. भोक बुजवायचे नाही आणि वाराही घ्यायचा नाही, हे कसे जमवायचे?

मला आधी आमच्या जुन्या माळवदाचे साणे आठवले. छतात ठेवलेले ते चौकोनी तोंड, कन्नडमध्ये बेळकिंडी. उजेड त्यातून येतो, चुलीचा धूर त्यातून जातो. पावसात आजी त्यावर फरशीचा तुकडा सरकवायची, पाऊस थांबला की पुन्हा काढायची. चूल पेटलेली असताना साणे झाकलेले मी कधी पाहिले नाही. भर पावसात सुद्धा एक कड उघडी असायची आणि चार थेंब आत पडायचे. धूर डोळ्यांना झोंबतो, म्हणून त्या पिढीला त्याची वाट अडवता येत नव्हती. आमच्या गॅसचा धूर दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

दरवर्षी मी मुलांना बीदरला सहलीला नेतो. किल्ल्यातले पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय एका जुन्या शाही हमामाच्या इमारतीत आहे. मुले तोफा आणि मूर्ती पाहतात. त्या येळवशीनंतरच्या सहलीत मी मात्र वर, छताकडे पाहत होतो. हमाम बांधणाऱ्यांना वाफ, उष्णता आणि उजेड यांचा मेळ घालावाच लागे. घुमटाला झरोके ठेवण्याची रीत तुर्कस्तानपासून हिंदुस्थानपर्यंत आढळते. पुढे आम्ही नौबादची करेझ पाहिली. बहमनी काळातली, पंधराव्या शतकातली ती भुयारी पाणीवाट. जमिनीवर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे आहेत. खोदताना माती वर काढायला, नंतर साफसफाईला उतरायला आणि खाली काम करणाऱ्याला हवा मिळावी म्हणून. शहर वाढले तशी यातली काही तोंडे कचऱ्याने बुजली, आणि मग ती मोकळी करायला अभ्यासक, जिल्हा प्रशासन असा सगळा खटाटोप करावा लागला. मुलांना हे सांगताना माझाच आवाज जरा खाली गेला. असो.

गावी परतल्यावर पहिले काम केले ते गिझर बाहेर काढण्याचे. आता तो मागच्या पडवीत, तिन्ही बाजूंनी उघड्या जागेत, पावसाचे पाणी लागणार नाही अशा बेताने टांगला आहे आणि न्हाणीघरात येते ती फक्त कढत पाण्याची नळी. नळाला गरम पाणी यायला आणखी थोडे थांबावे लागते, तेवढे पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरतो. ज्यांना हे शक्य आहे त्यांनी बाकी काही वाचले नाही तरी चालेल, एवढे करावे. ज्यांना जागेअभावी शक्य नाही त्यांनी बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा, दार उघडून हवा बदलू द्यावी आणि मग आंघोळीला बसावे. आपल्या आया हंड्यातले पाणी बादलीत काढूनच न्हाणीत जात होत्या.

एक्झॉस्ट फॅन चालू आहे म्हणजे गिझर आत असला तरी धोका नाही, असेही समजू नये. पंखा हवा बाहेर ढकलतो, पण तेवढीच हवा कुठून तरी आत आली पाहिजे. दाराखाली फट नसेल, तर पंखा नुसता गरगरतो. गिझरला धुराडे असेल तर त्याहून वाईट: आत हवा कमी पडल्यामुळे पंखा त्या धुराड्यातूनच हवा ओढू लागतो आणि बाहेर जाणारा वायू उलटा आत येतो. पारख सोपी आहे. पंखा लावा, दार बंद करा आणि पेटती उदबत्ती दाराच्या खालच्या फटीशी धरा. धूर ठळकपणे आत ओढला गेला तर हवेची वाट ठीक आहे. जागच्या जागी घुटमळला तर दाराचा खालचा भाग इंचभर कापून घ्या, किंवा त्यात जाळीचा तुकडा बसवा. आमच्या लोखंडी चौकटीच्या दाराला मी बडग्याकडून खाली पट्टी काढून घेतली. आई म्हणाली, आता पायाला वारे लागणार. लागते, थोडे.

भोकाचे काम बडग्याने आणि मी मिळून केले. बाजारात एक्झॉस्ट फॅनसाठी पट्ट्यांचे शटर मिळते, काही पंख्यांना ते जोडूनच येते. प्लॅस्टिकच्या किंवा पत्र्याच्या तीन-चार आडव्या पट्ट्या, वरच्या कडेला बिजागरी. पंखा लावला की आतली हवा त्यांना उचलते, बंद केला की आपल्या वजनाने मिटतात. बाहेरचा वारा त्यांना आत ढकलू पाहतो, तेव्हा त्या चौकटीवर आणखी घट्ट टेकतात. साधी युक्ती, पण आमच्याकडची निम्मी शटरे निकामी असतात, कारण बिजागरीत धूळ, कोळ्याची जाळी आणि बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार बसतो. पट्टी अर्ध्यावर अडकते आणि मग वारे पंखा बसवण्याआधी जेवढे येत होते तेवढेच येते. दिवाळीच्या झाडलोटीत एकदा आणि संक्रांतीला एकदा ओल्या फडक्याने पुसून, बोटाने हलवून पाहावे. तेल घालू नये, त्यावर धूळ जास्त बसते.

बाहेरच्या बाजूने, भोकावर पत्र्याचे टोपरे लावले, तोंड खाली असलेले. शेतातल्या मोटरच्या पेटीला पावसासाठी लावतो तसेच. समोरून येणारा वारा आता पत्र्यावर आपटतो आणि बाजूला जातो. पाऊसही अडतो. टोपऱ्याच्या तोंडाला जाड जाळी लावली, पारवे आणि पाली येऊ नयेत म्हणून. मच्छरांची बारीक जाळी लावण्याचा मोह मला झाला होता. तिच्यात महिन्याभरात धुळीचा थर बसतो आणि आपण थर्माकोलच्या वाटेवर पुन्हा येतो, म्हणून लावली नाही.

नवे बांधकाम करणाऱ्यांनी गवंड्याला "कुठेही" म्हणू नये. आपल्याकडे थंडीत वारा ईशान्य-पूर्वेचा आणि पावसात पश्चिम-नैर्ऋत्येचा. दक्षिणेची भिंत मोकळी असेल तर भोक तिथे घ्यावे. नसेल तर टोपरे आलेच. आणि बसायची जागा भोकाच्या थेट समोर ठेवू नये. हे मला फार उशिरा सुचले. आईचे स्टूल पूर्वेच्या भिंतीलगत, भोकाच्या बरोबर खाली सरकवले, आणि उरलेली झुळूक तिच्या डोक्यावरून समोरच्या भिंतीला जाऊ लागली. हे एवढे काम शिडी न लावता, एक रुपया न खर्चता, पहिल्याच दिवशी करता आले असते.

आंघोळ चालू असताना पंखा बंद असला तरी आता चालते, कारण आत जाळ नाही. आंघोळ झाल्यावर अंग पुसून, कपडे घालून बाहेर येताना पंखा लावायचा आणि पंधरा मिनिटे चालू द्यायचा. छोटा सहा इंची पंखाही तासाला दोनशे घनमीटरच्या आसपास हवा ओढतो, म्हणजे एवढ्याशा खोलीची हवा दोन-तीन मिनिटांत बदलते. बाकीचा वेळ भिंती सुकायला लागतो. बुरशी त्यानंतर पुन्हा आलेली नाही. पुण्यातल्या माझ्या मेहुण्याच्या फ्लॅटमध्ये पंखा इमारतीच्या डक्टमध्ये उघडतो आणि त्याच्याकडे वाऱ्याऐवजी खालच्या मजल्यावरची फोडणी येते. त्यालाही शटर साफ करायलाच सांगितले.

कडीचे राहिले. न्हाणीघराची आतली कडी काढून, बाहेरून नाण्याने फिरवता येईल असे कुलूप बसवले आहे. मुलीला ते आवडले नाही, आणि तिचे न आवडणे मला समजते. पण त्या पहाटे तिचा हात कडीपर्यंत पोचला हे नशीब होते, आणि आईला पाण्याचा आवाज थांबल्याचे ऐकू आले हेही.

नंतरची येळवस ३० डिसेंबर २०२४ ला आली. पुन्हा पाच आंघोळी, पुन्हा घाई. मुलगी शेवटी गेली, आणि आई कोणी न सांगता पायरीवर जाऊन बसली, कंगवा घेऊन. आतून पाण्याचा आवाज येत राहिला. मध्येच वाऱ्याची झोत आली आणि शटरच्या पट्ट्या खडखडल्या. हा खडखडाट रात्री झोपमोड करतो अशी आईची नवी तक्रार होती. मी सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या कापून चौकटीला चिकटवल्या. आवाज बराच कमी झाला. वारे मात्र थोडे येतेच, असे ती म्हणते.